ओल्ड हुपरियन

हुपरीत पुन्हा एक फ्लेक्स लागलाय. दहावीची कुठलीशी बॅच पंचवीस वर्षांनी भेटणार आहे. फ्लेक्सवर चाळीस चेहरे, चाळीस फेटे आणि निम्म्या नावांखाली 'चांदी उद्योजक'. चांदीच्या गावाचा हाच फायदा. धंदा बसला तरी माणूस उद्योजक म्हणून उभा राहतो.

कार्यक्रम कुणीही झोपेत सांगेल. आधी प्रार्थना, मग हजेरी, मग गुरुजींना शाल-श्रीफळ. ज्या गुरुजींनी हात सुजेपर्यंत छड्या मारल्या, त्यांच्या पाया पडायला रांग. ज्यांनी कधी हात उचलला नाही, त्यांचं नाव कुणाला आठवत नाही.

मग शाळेला पाण्याचा फिल्टर भेट. फिल्टरवर देणाऱ्यांची यादी. पाणी कमी, नावं जास्त.

ग्रुपवर पोरी मात्र सापडत नाहीत. लग्न झालं, गाव बदललं, आडनाव बदललं. माजी विद्यार्थिनी शोधायची तर आधी तिचं माजी आडनाव आठवावं लागतं. तिला मेळाव्याला यायचं तर घरातून परवानगी. त्याला यायचं तर फक्त फेटा.

आणि एवढा खटाटोप करून ही मंडळी स्वतःला म्हणवतात काय? माजी विद्यार्थी!

सरपंच माजी होतो, आमदार माजी होतो. ज्याची खुर्ची जाते तो माजी. यांचं काय गेलं? एक बाक. तोही तिघांत मिळून.

इंग्रजांनी या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. त्यांच्या जुन्या निवासी शाळांनी बाहेर पडलेल्या पोरांना जन्मभर पुरतील अशा बिरुदावल्याच देऊन टाकल्या. ईटनमधून निघाला तो ओल्ड इटोनियन. हॅरोचा तो ओल्ड हॅरोव्हियन. इथवर ठीक. गावापुढे 'कर' लावून आपणही आडनावं केलीच की.

पुढे घोळ आहे.

विंचेस्टरच्या शाळेत शिकलेला माणूस ओल्ड विंचेस्टरियन होत नाही. तो ओल्ड विकेमिस्ट. १३८२ साली शाळा काढणाऱ्या बिशपचं नाव विल्यम ऑफ विकेम, म्हणून. ब्रिटनचे माजी पंतप्रधान ऋषी सुनक या शाळेचे. सहाशे वर्षांपूर्वीच्या संस्थापकाचं नाव पोरांनी आयुष्यभर मिरवायचं. आपल्याकडच्या शिक्षणसम्राटांना हे कुणी सांगू नका. येत्या जूनपासून दाखल्यावर येईल.

डलविचचा विद्यार्थी ओल्ड अ‍ॅलेनियन. कारण १६१९ साली ती शाळा एडवर्ड अ‍ॅलेन नावाच्या नटानं काढली. नटाची शाळा चारशे वर्षं चालली. आपल्या नटांचा सिनेमा चार आठवडे चालला तरी पेढे वाटतात.

श्रूजबरीचा तो ओल्ड सॅलोपियन. जिल्ह्याच्या जुन्या नावावरून. त्या हिशेबानं आपली पोरं ओल्ड करवीरियन. ऐकायला वाईट नाही. फक्त करवीर तालुक्यात हुपरी येत नाही, हातकणंगल्यात येते. ओल्ड हातकणंगलियन म्हणून बघा. दात सांभाळून.

सेंट अल्बन्सच्या शाळेतले लोक तर ओल्ड अल्बेनियन. अल्बानिया देशाशी काडीचा संबंध नाही. स्टीफन हॉकिंग हे ओल्ड अल्बेनियन. म्हणजे कृष्णविवर एक वेळ समजेल, हे नाव नाही.

क्राइस्ट्स हॉस्पिटल नावाची शाळा आहे. हॉस्पिटल नाही, शाळाच. तिथल्या पोरांचा गणवेश लांब निळा कोट. म्हणून माजी विद्यार्थी म्हणजे ओल्ड ब्लू. गणवेशाच्या रंगावरून नाव द्यायचं ठरलं तर महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी ओल्ड खाकी होईल. आणि संध्याकाळपर्यंत त्यावर चॅनेलवाले चर्चा लावतील.

एक गंमत लक्षात घ्या. इंग्रजाचा पोरगा अठराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडतो आणि पडल्यापडल्या ओल्ड. आपला माणूस साठीला मेळाव्यात येतो, गुडघ्याला पट्टा बांधून येतो आणि ग्रुपचं नाव ठेवतो 'शाळेतली पोरं'.

तर ही नावं कशासाठी? माणूस ओळखू यावा म्हणून? छे. ओळखू येऊ नये म्हणून. सॅलोपियन म्हणजे काय हे ज्याला विचारावं लागलं, तो बाहेरचा. ज्यानं विचारलं नाही, तो आपल्यातला. पुढची नोकरी, क्लबचं सभासदत्व, पक्षाचं तिकीट, सगळं त्या न विचारण्यात.

आपल्याकडे यासाठी आडनाव पुरतं. इंग्रजाला शाळा काढावी लागली.

ईटनचंच बघा. १४४० साली सहाव्या हेन्री राजानं ही शाळा काढली. कुणासाठी? सत्तर गरीब मुलांसाठी. राहणं फुकट, शिकणं फुकट. आज तिथली वर्षाची फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे. गरिबांसाठी काढलेली संस्था श्रीमंतांच्या हातात जायला त्यांना काही शतकं लागली. आपल्याकडे संचालक मंडळाची एक निवडणूक पुरते.

या एका शाळेनं ब्रिटनला वीस पंतप्रधान दिले. वॉलपोलपासून बोरिस जॉन्सनपर्यंत. आपल्याकडे एका घरातले तीन झाले तर घराणेशाही. त्यांच्याकडे एका शाळेतले वीस झाले तर परंपरा.

ईटनचा एक खेळ आहे. भिंतीला चिकटून, चिखलात, एकमेकांच्या अंगावर पडून खेळायचा. सेंट अँड्र्यूज डेच्या त्यांच्या मानाच्या सामन्यात १९०९ नंतर गोल झालेला नाही. पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्यात शंभर वर्षं गोल झाला नसता, तर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम जागेवर राहिलं असतं का? ईटनची पोरं मात्र चिखल झटकतात आणि देश चालवायला निघतात.

निकाल न लावता वर्षानुवर्षं खेळत राहायचं. संसदेची तयारी यापेक्षा चांगली कुठे होणार?

या शाळांत आणखी एक शिस्त होती. धाकट्या पोरानं थोरल्याचे बूट पुसायचे, त्याचा पाव भाजायचा, हाक आली की पळत जायचं. शतकानुशतकं चाललं. चारित्र्य घडतं म्हणे. महाराष्ट्रात १९९९ साली याच्याविरुद्ध कायदा झाला. आपण त्याला रॅगिंग म्हणतो. ते त्याला बालपणीच्या रम्य आठवणी म्हणतात आणि पुस्तक काढतात.

आता म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना. नगरला जाऊन या.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्ली या गोऱ्या सेनापतीनं नगरचा किल्ला घेतला. शिक्षण ईटन. पुढच्याच महिन्यात त्यानं असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

१९४२ साली त्याच किल्ल्यात नेहरूंना कोंडलं. नेहरूंचं शिक्षण हॅरो. कोंडणाऱ्या सरकारचे पंतप्रधान चर्चिल. शिक्षण हॅरो. एकाच शाळेचे दोन माजी विद्यार्थी. एक आत, दुसऱ्याच्या हातात किल्ली.

याला स्नेहमेळावा म्हणायचं का?

आतल्यानं तुरुंगात बसून 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. साहित्याचं नोबेल मिळालं ते बाहेरच्याला, १९५३ साली. एका शाळेतल्या दोघांत हुशार कोण हे निकालावरून कळत नाही, ते असं.

वेलिंग्टन गेल्यावर त्याच्या नावानं इंग्लंडात शाळा निघाली, १८५९ साली. ती शाळा २०२३ साली पुण्यात आली. असईच्या लढाईला तेव्हा नेमकी २२० वर्षं झाली होती. तेव्हा तो तोफा घेऊन आला होता. आता प्रवेशअर्ज घेऊन आला.

तोफांना आपण निदान उत्तर दिलं होतं.

त्याच वर्षी हॅरो बंगळुरात उतरलं. इकडे स्वागताचे बॅनर. तिकडे इंग्लंडात २०२५ च्या जानेवारीपासून सरकारनं खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला आणि पालकांनी बोंब ठोकली. जे त्यांना परवडेना, ते आपल्याला हवंसं वाटायला लागलं. दीडशे वर्षं राज्य उगाच नाही केलं.

नक्कल काही आजची नाही. राजकोटचं राजकुमार कॉलेज, अजमेरचं मेयो कॉलेज, ही संस्थानिकांच्या पोरांना साहेबी वळण लावायला निघाली. १९३५ साली डेहराडूनला दून स्कूल झालं. पहिले हेडमास्तर आर्थर फूट आले ते थेट ईटनहून. दूनच्या माजी विद्यार्थ्याला डॉस्को म्हणतात. राजीव गांधी डॉस्को. नाव डिस्कोसारखं असलं तरी पाऊल चुकत नाही. बरोबर दिल्लीत पडतं.

आपल्या जवळची म्हणजे पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्समध्ये फारुख बलसारा नावाचा मुलगा राहून शिकला. जगानं पुढे त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं. टेबललँडवर घोड्यासोबत फोटो काढता काढता इकडचा पालकही मनात ठरवतो, आपलं पोरगं इथेच घालायचं. मग पोरगं गाणं म्हणायला लागतं.

आणि बाप म्हणतो, आधी जेईई.

आता त्या राजकोटच्या राजकुमार कॉलेजात जरा मागे जाऊ. १८८५ ते १८८९ या काळात तिथे कोल्हापूरचा एक विद्यार्थी होता. शाहू महाराज. रिवाजाप्रमाणे त्यांनी काय करायला हवं होतं? जुन्या सवंगड्यांचा क्लब काढायचा. वर्षातून एक मेजवानी. एक खास टाय. जुन्या मास्तरांच्या नकला.

त्यांनी बोर्डिंगं काढली.

१८९६ साली सगळ्या जातींसाठी मिळून एक वसतिगृह काढून बघितलं. सगळ्यांसाठी म्हटलं की आपल्याकडे काय होतं ते माहीत आहेच. थोड्याच दिवसांत तिथे एकाच जातीची पोरं उरली. समतेचा पहिला प्रयोग आपण असा नापास केला.

मग महाराजांनी वेगळा रस्ता धरला. १९०१ ला मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम, १९०७ ला लिंगायत, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे आणखी कितीतरी. एका पंगतीला बसायला कुणी तयार नाही? ठीक. वेगळे बसा. पण शिका.

त्यामुळे कोल्हापुरात 'पोरगं बोर्डिंगला आहे' म्हटलं की समोरचा फी विचारत नसे. तो विचारत असे, कुठल्या? जात विचारायचा इतका सभ्य प्रश्न पुन्हा झाला नाही.

मिस क्लार्क म्हणजे कोण? मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांची मुलगी. ज्या पोरांची सावली गावाला चालत नव्हती, त्यांच्या दारावर लाटसाहेबाच्या लेकीचं नाव. आता त्या दारावर दगड मारायची कुणाची छाती? महाराजांना राजकारण कळत नव्हतं असं म्हणणाऱ्यांनी हे नाव पुन्हा वाचावं.

इंग्रजी रिवाजानं त्या बोर्डिंगची पोरं ओल्ड क्लार्कियन झाली असती. झाली नाहीत. नाव मिरवायला आधी पोट भरलेलं लागतं.

याच बोर्डिंगच्या निमित्तानं एक प्रकरण घडलं. हुपरीच्याच तालुक्यात कुंभोज आहे. तिथे १८८७ साली जन्मलेला एक पोरगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होता. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला. परत आल्यावर त्याला सांगितलं गेलं, आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. पोरगा म्हणाला, आंघोळ करणार नाही.

बोर्डिंग सुटलं. मॅट्रिकही झालं नाही.

पोराचं नाव भाऊराव पाटील. आपले कर्मवीर अण्णा.

जगातल्या कुठल्याही माजी विद्यार्थी संघाच्या घटनेत हा माणूस बसत नाही. शिक्षण अर्धवट, वर्तणुकीचा शेरा खराब. हॅरोत असता तर भिंतीवर नावही कोरलं नसतं. या माणसानं १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग.

आंघोळीचं विचारलं नाही.

पोरांच्या जेवणाला पैसे कमी पडले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा. ईटनच्या पाठीशी राजाचा खजिना होता. साताऱ्याच्या पाठीशी एका बाईचा गळा. आजचे माजी विद्यार्थी संघ देणगीदारांचे प्लॅटिनम, गोल्ड आणि सिल्व्हर असे गट पाडतात. लक्ष्मीबाईंना कुठल्या गटात टाकणार?

ईटनला धाकटं पोरगं थोरल्याचे बूट पुसायचं. साताऱ्याला पोरगं रानात राबून स्वतःची भाकरी कमवायचं. कमवा आणि शिका. दुसऱ्याचे बूट पुसायची भानगडच नव्हती.

बूट होते कुणाकडे?

असाच आणखी एक हिशेब. शेजारच्या कागलात वाढलेले गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. थोरला भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागला. पगार पंधरा रुपये. त्यातले आठ धाकट्याला. आज राजारामियन म्हणवणारा प्रत्येक जण पहिलं नाव गोखल्यांचं घेतो. बरोबरच आहे. फी भरणाऱ्याचं नाव कुठल्याच शाळेच्या फलकावर नसतं.

आता आपल्या गावावर या.

हुपरीच्या माणसाला फसवणं अवघड. त्याच्या हातात कसलाही शिक्का मारलेला पैंजण ठेवा, तो शिक्का बघत नाही. तो विचारतो, टंच किती? म्हणजे चांदी किती शुद्ध? इंग्लंडच्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो. म्हणजे शेकडा साडेब्याण्णव. सिंह बघून खूश होणारं गिऱ्हाईक तिकडचं. इथलं शेंबडं पोरगंही सांगेल, शिक्का घटकेत बसतो. टंच काढायचा तर चांदीला आगीतून जावं लागतं.

हे सगळं ज्ञान पोराच्या शाळेपाशी आलं की गुंडाळून ठेवलं जातं.

तिथे टंच नको, शिक्का हवा. बिल्ला हवा, टाय हवा, बूट-मोजे हवेत, दारात पिवळी बस हवी. पोराला पाढे येत नाहीत? येतील हो. आधी 'मे आय कम इन' तर येऊ दे.

म्हणून मग उसाच्या फडाला लागून इंटरनॅशनल स्कूल उभं राहतं. पलीकडे कर्नाटक हाकेच्या अंतरावर. म्हणजे फार तर आंतरराज्य म्हणा. राष्ट्रं कुठली? पण नावात 'इंटरनॅशनल' नसेल तर फी नॅशनल घ्यावी लागते.

एकेकाच्या पाटीवर ऑक्सफर्ड, एकेकाच्या केंब्रिज. चौकशीला गेलात तर शिपाई सांगतो, सर मळ्यात पाणी पाजायला गेलेत.

इंग्रजांच्या देशात शाळेवरून माणसाला नाव मिळतं. आपल्या तालुक्यात आधी नाव मिळतं, मागाहून शाळा येते. काही ठिकाणी तीही येत नाही.

घराघरांत पैंजणाच्या कड्या जोडत बसलेल्या बायका तरी कुठल्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी? कुणी विचारलंय? सातवी-आठवीत शाळा सुटली, हातात चिमटा आला. चौदाव्या वर्षी ओल्ड. इंग्लंडातल्या पोरांना त्यासाठी अठरावं गाठावं लागतं. घ्या, कुठे तरी आपण पुढे आहोत.

आणि त्यांचं काम नीट बघा. पैंजण मुंबईच्या पेढीवर जातो, दिल्लीच्या दुकानात जातो, नवरीच्या पायात जातो. त्यावर दुकानाचं नाव असतं. जोडणारीचं नसतं. ओल्ड इटोनियनला हा हिशेब सांगायची गरज नाही. तो नेमका दुकानाच्या बाजूचा.

कुणी म्हणेल, एवढं टोचायचं काय कारण? लोक वर्षातून एकदा भेटतात, चार घास खातात, शाळेचं ऋण फेडतात. मान्य. भेटा. तांबडा-पांढरा ओरपा. फेटे बांधा. जुन्या प्रेमाची चौकशी करा, आता दोघांच्याही घरून हरकत नाही. शाळेच्या आठवणीत माईकवर रडायलाही हरकत नाही. आवाज घुमेल एवढंच.

फक्त रडून झाल्यावर एका प्रश्नाचं उत्तर द्या.

ही शाळा एवढी थोर होती, इथल्या मास्तरांनी तुम्हाला घडवलं, या मातीनं संस्कार दिले, मराठी शाळा वाचली पाहिजे, वगैरे वगैरे. सगळं खरं.

मग तुमचं पोरगं कुठल्या शाळेत आहे?

शांतता. माईक खराब झाला बहुतेक.

ओल्ड इटोनियनचा एक गुण घ्यायला हवा. तो ज्या शाळेची टिमकी वाजवतो, त्याच शाळेत पोरगं घालतो. घालता येत नसेल तर कर्ज काढतो. पिढ्यानपिढ्या. त्याचं प्रेम महाग असेल, खोटं नसतं. आपलं प्रेम मेळाव्यापुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळी बस.

आणि पाच-सात वर्षांनी पट कमी झाला म्हणून शाळेचा वर्ग बंद झाला, की पहिलं निवेदन कुणाचं? माजी विद्यार्थी संघाचं. विद्यार्थी संपले. माजी तेवढे उरले.

तेव्हा आता उपाय. नवा शोधायचा नाही, महाराजांचाच आहे.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जो बाप पोराला शाळेत पाठवणार नाही त्याला दंड. महिन्याला एक रुपया. ईटन-हॅरोत पोरगं पाठवलं म्हणून पैसे मोजावे लागत. आपल्या राजानं पाठवलं नाही म्हणून मोजायला लावले.

तो दंड पुन्हा सुरू करावा. थोडा बदल करून. ज्या शाळेच्या मेळाव्यात भाषण ठोकलं, त्या शाळेत स्वतःचं पोरगं घातलं नाही, तर महिन्याला एक रुपया.

हसू नका. एक रुपया म्हणजे आजची टिकली नव्हे. १९१७ चा रुपया चांदीचा होता. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे पुरता एक तोळा. शुद्धता शेकडा ९१.७. चांदी किलोला लाखाच्या वर असली की त्या एका रुपयात हजाराच्या वरची चांदी भरते.

चाळीस फेट्यांचे चाळीस तोळे. दरमहा. फिल्टर सोडा, शाळेला विहीर पाडून होईल. कर्मवीरांच्या तालुक्यातल्या एखाद्या शाळेनं दहा वर्षं हा दंड नेटानं वसूल केला, तर शाखा काढायला तीच इंग्लंडात जाईल.

दंड रोखीत घ्यायचा नाही. ऑनलाइन नाही. चेक तर नाहीच. चांदीतच घ्यायचा, टंच काढून घ्यायचा. बाकी गावांत लोक शंभर सबबी सांगतील.

हुपरीत 'घरात चांदी नाही' ही सबब कोण ऐकून घेणार?